आडवे, उभे आणि अब्बा

लाखांदूरला पेपर नागपूरहून येतो. माझ्या लहानपणी पवनीकडून येणाऱ्या एसटीत, ड्रायव्हरच्या पाठीमागे त्याचा गठ्ठा असे. गाडी वेळेवर आली तर बातमी ताजी, उशिरा आली तर शिळी. पण शब्दकोडे कधीच शिळे होत नसे. एवढ्याच कारणासाठी अब्बा पेपरमधला तो एक कोपरा बाकीच्या सगळ्या पेपरपेक्षा मोठा मानत.

अब्बा तहसील कचेरीसमोर अर्जनवीस होते. कडुनिंबाखाली एक टेबल, एक पत्र्याची पेटी, कार्बन पेपर, अंगठ्यासाठी शाईचा पॅड. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. फेरफार, वारसान, उत्पन्नाचा दाखला, निराधारांचा अर्ज, सगळे त्यांच्या हातचे. पक्षकार नसेल तेव्हा ते शेजारच्या चहाच्या टपरीवरचा पेपर मागवून कोडे काढत. टपरीवाल्याचा एकच नियम होता : पेन चालणार नाही, पेन्सिलच. कारण त्या कोड्याचे दुसरेही एक मालक होते. एक निवृत्त गुरुजी सकाळी चहाला येत आणि कोडे हाताळून जात. कधी ठरले, कोणी ठरवले कोण जाणे, पण गुरुजी फक्त आडवे शब्द भरीत आणि अब्बा फक्त उभे. अर्धे कोडे एकाचे, अर्धे दुसऱ्याचे. अक्षर जुळले तर ठीक. नाही जुळले तर संध्याकाळी टपरीवर सुनावणी.

एक सुनावणी मला चांगली आठवते, कारण त्या दिवशी मी अब्बांना डबा द्यायला गेले होते. आडवा ५ : मोकळा वेळ, तीन अक्षरे. गुरुजींनी लिहिले होते 'उसंत'. त्याच घरातून उभा ५ निघत होता : शासन, चार अक्षरे. अब्बांनी 'सरकार' लिहून गुरुजींचा 'उ' खोडला होता आणि आडव्यात 'सवड' बसवली होती.

"सवड काय, उसंत काय, अर्थ एकच ना?" गुरुजी म्हणाले.

"अर्थ एकच आहे गुरुजी, पण साक्षीदार माझ्याकडे आहे," अब्बा म्हणाले.

टपरीवाला कपबशी विसळता विसळता म्हणाला, "चाचा, सरकार तुमच्या बाजूनं म्हणजे निकाल लागला जी."

अब्बांचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका शब्दात होते, साक्षीदार. दस्तऐवजाला जसे दोन साक्षीदार लागतात, तसे कोड्यातल्या अक्षराला. आडवा शब्द एक साक्ष देतो, उभा दुसरी. दोघांची जबानी जुळली तरच अक्षर खरे. ज्या घरातून एकच शब्द जातो, त्या घराबद्दल अब्बा साशंक असत. ते पेन्सिल हलकी धरून लिहीत.

मराठी कोड्याची एक गंमत इंग्रजी कोडे सोडवणाऱ्यांना कळत नाही. इंग्रजीत एका घरात एक लेटर, आणि सगळी मिळून सव्वीस. आपल्याकडे एका घरात पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही घर एकच. 'स्त्री' लिहायला एवढे कष्ट, पण कोड्यात तिची जागा एका घराची. (यावर आमच्या शाळेतल्या बायका काय बोलतात ते इथे लिहीत नाही.) नुसती चौतीस व्यंजने बाराखडीत मांडली तरी चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. म्हणून दोन मराठी शब्द एकमेकांना छेदतील अशी जागा सापडणे मुश्कील, आणि म्हणून आपल्या कोड्यात काळी घरे जास्त. त्यात ऱ्हस्व-दीर्घ. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, त्यामुळे 'नदी'तला 'दी' 'दिवस'च्या 'दि'ला भेटत नाही. गरीब, वकील, फकीर यांचे उपांत्य अक्षर दीर्घ. हे नियम अब्बांना कोणी शिकवले नव्हते. कोड्यानेच शिकवले. त्यांच्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढायला कचेरीतले कारकून घाबरत.

हे खूळ मुळात फार जुने नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरात लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. चौकोनी नव्हे, शंकरपाळ्याच्या आकाराचे. लंडनच्या 'टाइम्स'ने आधी नाके मुरडली आणि १९३०मध्ये स्वतःच कोडे सुरू केले. आपल्या देशात बक्षिसांच्या कोड्यांची लाट आली, तेव्हा मामला थेट सुप्रीम कोर्टात गेला. हा किस्सा अब्बांना कचेरीत येणाऱ्या एका वकिलांनी सांगितला होता आणि अब्बा तो सर्वांना सांगत. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोड्यांची स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातून चाले आणि मुंबई राज्यातले लोक फी भरून तिच्यात भाग घेत. राज्याने कर लावला, ते कोर्टात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला की असली स्पर्धा हा जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. दोन-दोन उत्तरे सारखीच योग्य असायची आणि आयोजकाने आधी ठरवून ठेवलेले उत्तर ज्याच्याशी जुळेल तो जिंकायचा. दरम्यान १९५५मध्ये केंद्राचा कायदा झालाच होता : महिन्याला एक हजार रुपयांहून जास्त बक्षीस नाही, दोन हजारांहून जास्त प्रवेशिका नाहीत. अब्बांना हा निकाल मनापासून पटलेला. "दोन उत्तरं बरोबर असतील तर ते कोडं नाही, लॉटरी आहे. साक्षीदार कुठंय?"

मला मात्र त्या कोड्यांशी वेगळे भांडण होते. पेपर नागपूरचा असो की मुंबईचा, कोड्यातली मराठी आमच्या गावची नसे. आम्ही झाडीपट्टीतली माणसे. इथे ण नाही, ळ नाही. पाण्याला पानी आणि डोळ्याला डोरा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, म्हणून तिला निदान कोश तरी मिळाला. कोड्यात तिला जागा नव्हती. भंडारा तलावांचा जिल्हा, पण 'बोडी' कधी कोड्यात आली नाही. धान आमचे अन्न, पण पऱ्हे, बांधी, पुंजणे, कडपा यांतला एकही शब्द मी त्या चौकटीत पाहिला नाही. 'मंडई' येई, पण सूचना असे 'भाजीबाजार'. लाखांदुरात भाजीबाजाराला मंडई कोणी म्हणत नाही. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्रभराची दंडार, घरोघर पाहुणे. अब्बा तो शब्द लिहीत आणि म्हणत, "पुण्याच्या मंडईत वांगी, आपल्या मंडईत नाच. खाने तीनच."

एका बाबतीत मात्र आमच्या घराला सवलत होती. कचेरीची भाषा. अर्जनवीस हा शब्दच पाहा. मुखत्यारनामा, रुजुवात, तगाई, खुलासा, बाकी, वसूल, हे शब्द इतर सोडवणाऱ्यांना अवघड जात, अब्बांना ते रोजचे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो या फार्शी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला. १९२५मध्ये माधव जूलियन यांनी 'फार्शी-मराठी कोश' काढला, तो ते मराठीत किती मुरलेत हे दाखवणारा. कोडेकार दोन्हीकडून खातो. 'तारीख' सूचनेत असेल तर उत्तर सावरकरांनी रूढ केलेला 'दिनांक', आणि दिनांक सूचनेत असेल तर उत्तर तारीख. दोन्हीला घरे तीन. अब्बा म्हणत, "मी अर्जात तारीख लिहितो, साहेब दिनांक छापतात, पक्षकार तारिक म्हणतो. तिघं एकाच दिवशी हजर होतात." कोड्यात 'ईद' वरचेवर येते, हेही त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिले. ती सणामुळे नव्हे, कोडेकाराकडे 'ई'ने सुरू होणारे शब्द फार नसतात म्हणून.

घरी संध्याकाळी कोड्याचे दुसरे सत्र होई. अडलेले शब्द अब्बा कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून आणत आणि अम्मीला विचारत. अम्मीला उर्दू वाचता येते, देवनागरी नाही. आमच्या घरची बोली म्हणजे थोडी दखनी, थोडी नागपुरी हिंदी, मधूनमधून झाडी. अब्बा सूचना वाचत, अम्मी कणीक मळता मळता आधी एकच प्रश्न विचारी : "कितने खाने का?" घर, चौकोन, रकाना यांतला एकही शब्द तिने कधी वापरला नाही. कोड्याच्या घराला ती खाना म्हणे, आणि तेच आमच्या घरात रूढ झाले. दवाखान्यातला खाना, कारखान्यातला खाना, तोच हा. तिने सांगितलेले शब्द कोड्याच्या कामाचे क्वचितच असत, पण ती अक्षरे बोटांवर अचूक मोजायची. वाचता न येणारे माणूस जोडाक्षर एक धरते हे पाहून मला अजून नवल वाटते. कान डोळ्यांपेक्षा शहाणा असावा.

नोव्हेंबर २०१९मध्ये अब्बांना पक्षाघात झाला. पहाटे उठले आणि उजवी बाजू त्यांची राहिली नव्हती. नागपूरला नेले, जीव वाचला. पण बोलणे गेले. सगळे समजत होते, डोळे बोलत होते, तोंडातून शब्द निघत नव्हता. ज्या माणसाने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे म्हणणे कागदावर मांडले, त्याला स्वतःसाठी पाणी मागता येईना.

वाचा जाते म्हणजे काय होते, हे मी नंतर वाचले. १८६१मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून मेंदूतल्या वाणीची जागा ओळखली, त्याला 'टान' एवढे एकच बोलता येई. काहीही विचारा, उत्तर टान. अब्बांचाही एक शब्द उरला होता. तिसऱ्या आठवड्यात, घरी आणल्यावर, ते म्हणाले, "खाना."

अम्मीला केवढा आनंद! तिने धावत खिचडी आणली. अब्बांनी मान फिरवली. थोड्या वेळाने परत, "खाना." तिने शिरा केला. मग दूध-पोळी. अब्बांच्या डोळ्यांत पाणी आणि अम्मी हवालदिल, की मागतात आणि खात नाहीत. दोन दिवस हा प्रकार चालला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने उशाजवळचा पेपर ओढला, उलटा धरला आणि कोड्याच्या चौकटीवर बोट आपटले. "खाना. खाना."

त्यांना कोड्याचे घर हवे होते.

नागपूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हांला एक गोष्ट बजावून सांगितली होती. त्यांना शब्द अडला की पूर्ण शब्द तुम्ही बोलू नका. पहिला ध्वनी द्या आणि थांबा. मेंदूत शब्द असतो, दार सापडत नसते. मी त्या रात्री कोडे घेऊन बसले तेव्हा कळले की हे तर कोड्याचेच काम आहे. उभ्या शब्दाने दिलेले एक अक्षर, आणि मग थांबायचे. मी सूचना वाचायची, अक्षरे मोजून सांगायची, पहिले अक्षर म्हणायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणे सर्वांत कठीण. 'रुग्णालय, चार खाने, द...' असे म्हणून मी मनात शंभरपर्यंत मोजले असतील. अब्बांच्या ओठांची हालचाल, कपाळावर घाम. मग "दवा". मग बराच वेळ काही नाही. मग हसून, कारण पुढचा शब्द त्यांच्याजवळ होताच : "खाना."

तो त्यांचा पहिला पूर्ण शब्द.

दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची वाचा गेली तर कोणती भाषा आधी परतते, यावर जुने वाद आहेत. फ्रान्सच्या रिबो यांचे म्हणणे, जी आधी शिकली ती टिकते. पित्र यांचे १८९५मधले म्हणणे, जी रोज वापरात होती ती आधी येते. अब्बांनी दोघांचेही ऐकले नाही. त्यांचे शब्द आले ते कचेरीतले, स्वयंपाकघरातले, टपरीवरचे, सरमिसळ. अम्मीला एकदा त्यांनी 'अर्जदार' अशी हाक मारली. तिने ओ दिली. शब्दकोड्यांनी मेंदूची झीज थांबते असे पेपरवाले छापतात, त्यात मी पडत नाही. २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, स्मरणाच्या सौम्य तक्रारी असलेल्या १०७ जणांत, संगणकावरच्या खेळांपेक्षा कोड्यांचा थोडा अधिक फायदा दिसला. पण तो आजार वेगळा आणि माणसे वेगळी. मला एवढेच माहीत आहे की जानेवारीत अब्बांकडे वीसेक शब्द होते आणि मार्चमध्ये मी मोजणे सोडले.

मग २५ मार्च २०२० आला. एसटी बंद, पेपर बंद. १८ एप्रिलच्या शासन आदेशाने तर काही दिवस घरोघर पेपर टाकायलाही मनाई होती. अब्बा सकाळी दाराकडे पाहत बसत. माझी शाळाही बंद होती. मी त्यांच्या पेटीतली जुनी हिशेबाची वही काढली, पट्टीने घरे आखली आणि कोडी करायला बसले.

सोडवणे आणि करणे यांत किती अंतर आहे! मी ठरवले होते की माझ्या कोड्यात आमचे शब्द येतील. पहिल्याच दिवशी मंडई आणि दंडार यांनी मला रडवले. या दोघींची जन्माची जोडी, एकीशिवाय दुसरी नाही. पण एकीत 'ड' आणि दुसरीत 'डा', चौकटीत भेट होत नाही म्हणजे नाही. शेवटी मंडईच्या 'ड'वर कडपा बसवल्या. रोवणी आणि पाणी मात्र सहज भेटले, 'णी'वर. शेतातही तिथेच भेटतात. वहीत रोज एक कोडे, सात बाय सातचे, निम्मी घरे काळी. अडले की अम्मीला विचारायचे. तिचे जे शब्द पेपरच्या कोड्याला कधी चालले नव्हते, ते माझ्या कोड्याला चालू लागले, आणि याचा तिला गर्व झाला.

'दिवाळीनंतरची जत्रा, तीन खाने' ही सूचना मी वाचली तेव्हा पहिले अक्षर द्यायची वेळच आली नाही. "मंडई," अब्बा म्हणाले. सलग, न अडखळता, जणू कधी काही झालेच नव्हते. मग म्हणाले, "वांगी नाही." आम्ही तिघेही हसलो.

गुरुजी त्या काळात येऊ शकत नव्हते. गल्लीतला एक मुलगा मास्क लावून वही त्यांच्याकडे नेई, आडवे भरून आणी. उभे अब्बांचे, डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात. एका घरात अब्बांनी 'नी' लिहिला होता, गुरुजींनी तो खोडून 'णी' केला आणि समासात लिहिले : 'साक्षीदार माझा आहे.' अब्बा वही छातीशी धरून बराच वेळ बसले होते.

ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. गोसेखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले, चुलबंदचे पाणी मागे फिरले आणि तालुक्यातले कित्येक एकर धान बुडाले. रोवणी नुकतीच आटोपलेली. त्या आठवड्यात मी कोडी केली नाहीत. पाणी ओसरल्यावर अब्बांनीच वही मागितली. मी सवयीने 'पाणी'साठी सूचना लिहिली होती : जल, दोन अक्षरे. अब्बांनी पेन्सिल मागितली. 'जल'वर काट मारली. मग एकेक अक्षर ओढत खाली लिहिले : 'रोवणीला हवे, आता नको.'

स्वतःची सूचना त्यांनी पहिल्यांदाच लिहिली होती. मी ती मोठ्याने वाचली. चुलीपाशी बसलेल्या अम्मीने न वळता विचारले, "कितने खाने का?"

"दो," अब्बा म्हणाले.